चोरघंटा घेण्यापूर्वी

श्रावण सरत आला आणि वापी स्थानकावर गावी निघालेल्या कुटुंबांची गर्दी दिसू लागली, की सिल्वासातील मराठी घरांत दोन विषय जोडीने निघतात : एक गाडीच्या आरक्षणाचा आणि दुसरा बंद राहणाऱ्या घराचा. गणपतीला आठ-दहा दिवस, दिवाळीत तितकेच, मे महिन्यात तीन आठवडे. हिशेब केला तर वर्षातून महिना-सव्वा महिना आपले घर केवळ कुलपाच्या हवाली असते. गावाकडे घर बंद ठेवले तरी एखादी चुलती, एखादा भाचा हाकेच्या अंतरावर असतो. बडोदे असो, इंदूर असो, हैदराबाद असो की आमचे सिल्वासा असो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या हाकेच्या अंतरावर असतात ते शेजारी. आणि ते कोण आहेत हे अलीकडे पुष्कळांस ठाऊकही नसते.

यंदा या जुन्या प्रश्नाला नवे रूप आले आहे. आपल्या हाताने बसविता येणारी चोरघंटा, जिला बाजारात ‘बर्गलर अलार्म’ किंवा नुसते ‘सायरन’ म्हणतात, ती आता खोक्यात बांधून घरपोच येते. दोन-चार स्क्रू आणि दुतर्फा चिकटपट्टी एवढ्या भांडवलावर ती भिंतीवर चढते. ‘‘सर, तुम्ही शाळेत विज्ञानप्रदर्शने भरविता, कोणती घ्यावी ते तुम्हीच सांगा,’’ असे आम्हांस या महिन्यात तिघा-चौघांनी विचारले. मराठीचा एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकावर एवढा विश्वास टाकणे धाडसाचे खरे; परंतु प्रदर्शनांच्या निमित्ताने या वस्तू आम्ही बऱ्याच उघडून पाहिल्या आहेत. आमचे उत्तर मात्र विचारणाऱ्यांना थोडे अनपेक्षित वाटले. आम्ही म्हणालो, घंटा ऐकून धावत येणारा माणूस आधी ठरवा आणि घंटा मागाहून ठरवा.

कारण असे की चोरघंटा चोराला अडवीत नाही. अडविण्याचे काम कडी-कोयंड्याचे, अडसराचे, खिडकीच्या गजांचे. घंटा फक्त हाक मारते. ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली कळत होती. पेशवाईच्या काळी देशावरच्या गावांतून रखवालीचे काम रामोशांकडे असे. गावात चोरी झाली की रामोशाने चोराचा माग काढायचा. तो माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावच्या रखवालदारावर जाई, आणि माग लागला नाही तर भरपाईचा प्रश्न खुद्द रामोशापाशी येऊन थांबे. या व्यवस्थेत गुणदोष दोन्ही होते. परंतु हाकेला ओ देणारा माणूस तिच्यात ठरलेला होता.

विजेच्या घंटेचा इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ऑगस्टस पोप या गृहस्थांनी १८५३ साली तिचे पेटंट घेतले. दार उघडले की विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन घंटा वाजावी, अशी ती साधी योजना होती. १८५७ साली एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेतले आणि तिचा खरा व्यापार केला. पुढे त्यांनी घराघरांतील तारा एका मध्यवर्ती कचेरीत नेल्या; तेथे रात्रभर माणूस जागा बसलेला असे. घंटा वाजली तर ऐकायला कुणी हवे, हे होम्स यांनी ओळखले, म्हणून त्यांचा धंदा चालला.

आपल्याकडच्या शनिशिंगणापूरचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावी घरांना दारे नाहीत. श्रद्धा हे त्याचे कारण आहेच. पण शेजारधर्माने बांधलेल्या लहान गावात परका माणूस लपत नाही, हेही एक कारण आम्हांस वाटते. तेथे युको बँकेने २०११ साली कुलूप नसलेली शाखा उघडली, तिचे कौतुक वर्तमानपत्रांतून झाले. मात्र तिच्या काचेच्या दाराला दूरनियंत्रित विद्युतचुंबकीय कुलूप होते. बँकेला गावाच्या श्रद्धेचा मान ठेवायचा होता, तिजोरीची चिंताही करायची होती. दोन्ही तिने केले, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही.

आता सिल्वासाकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत दादरा-नगरहवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती, ती २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ! करसवलतींच्या ओढीने कारखाने आले आणि कारखान्यांमागून माणसे आली. आमली, मसाट, पिपरिया, सामरवरणी या बाजूंच्या वसाहतींत एकाच जिन्यावर खानदेशचा, बिहारचा, ओडिशाचा आणि सौराष्ट्राचा माणूस राहतो. कोणी पहिल्या पाळीला जातो, कोणी तिसऱ्या पाळीहून येतो. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की बिऱ्हाड हलते. अशा ठिकाणी जिन्यात उभा असलेला अनोळखी माणूस कुणालाच अनोळखी वाटत नाही, कारण सगळेच एकमेकांस अनोळखी असतात. चोराला याहून सोयीचे काय असणार?

गेल्या मे महिन्यात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या बाबतीत हेच घडले. सदनिका तिसऱ्या मजल्यावर, मंडळी जळगावकडे गेलेली. त्यांनी दारावर चोरघंटा बसविली होती, आणि ती चांगली होती; रात्री अडीचच्या सुमारास दार फोडले गेले तशी ती वाजली, वीस मिनिटे वाजत राहिली. वरच्या मजल्यावरच्यांना वाटले, खाली कुणाची तरी मोटार कोकलते आहे. समोरच्या दारातील ओडिशाच्या कुटुंबातील भल्या माणसाने दार किलकिले केले. काय करावे, कुणाला कळवावे हे सुचेना, म्हणून पुन्हा लावून घेतले. तीन वर्षे समोरासमोर राहून या दोन घरांपाशी एकमेकांचा फोन क्रमांक नव्हता. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, मुलीच्या लग्नासाठी वर्षावर्षाने जमविलेले सोने गेले. यंत्राने आपले काम चोख केले होते. दुसऱ्या दिवशी एका रहिवाशाने रात्रीच्या गोंगाटाबद्दल कुरकूर केली, ती आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली.

तेव्हा माणूस ठरला असे धरून वस्तूकडे वळू. आमच्या शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी एखादा विद्यार्थी चोरघंटा मांडतोच. कपडे वाळत घालण्याचा चिमटा, त्याच्या दोन्ही ओठांना टोचणीची डोकी, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा आणि पुठ्ठ्याला दोरी. दोरी पायात आली की पुठ्ठा निघतो, टोचण्या एकमेकींस टेकतात आणि घंटा वाजते. मुले टाळ्या पिटतात. मग आम्ही कात्री घेऊन तार कापतो आणि पुन्हा दोरी ओढायला सांगतो. घंटा मुकी! ही उघड्या मंडलाची पद्धत. चांगल्या यंत्रात याच्या उलट असते : मंडल सदैव बंद, प्रवाह सदैव चालू, दार उघडो वा तार तुटो, प्रवाह खंडित झाला की घंटा वाजते. तारेची घंटा घेत असाल तर दुकानदारासमोर एक तार सोडवून पाहावी. त्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी हरकत नाही.

दारावर जो खटका बसतो त्याचे दोन तुकडे असतात. एकात लोहचुंबक, दुसऱ्यात काचेच्या बारीक नळीत बंद केलेली दोन लोखंडी पाती. बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली शोधलेला हा ‘रीड स्विच’ इतका साधा आणि टिकाऊ आहे की आजही त्याला तोड नाही. चुंबक जवळ असेतो पाती चिकटलेली, दूर गेला की सुटलेली. परंतु आपल्याकडच्या पावसाळ्याची त्याला जाणीव नसते. आषाढात लाकडी दार फुगते, चौकटीत नीट बसत नाही, दोन तुकड्यांतील फट वाढते आणि मध्यरात्री विनाकारण ठणाणा होतो. म्हणून हा खटका भर पावसाळ्यात, दार फुगलेले असताना बसवावा. लोखंडी सेफ्टी दारावर बसवायचा तर अधिक फट चालणारा, धातूच्या दारासाठी म्हणून मिळतो तोच घ्यावा. साध्या खटक्याच्या चुंबकाची शक्ती लोखंड खाऊन टाकते.

दुसरा प्रकार हालचाल ओळखणाऱ्या डोळ्याचा, ज्याला ‘पीआयआर’ म्हणतात. हा डोळा स्वतः काही किरण सोडीत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता भोवतीच्या भिंतींहून निराळी असते, ती एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की हा जागा होतो. त्यामुळे तो सुमारे सात फुटांवर, खोलीच्या कोपऱ्यात, चोराची वाट आडवी येईल असा बसवावा. समोरून सरळ चालत येणारा त्याला उशिरा कळतो. खिडकीतून ऊन येते तिकडे, शेगडीकडे किंवा फ्रिजच्या पाठीकडे त्याचे तोंड नसावे. काचेपलीकडचा माणूस त्याला कळत नाही. आणि मे महिन्यात बंद घरातील हवा अंगाच्या उष्णतेच्या जवळपास तापली की त्याची दृष्टी अधू होते, हे माहितीपत्रकात बहुधा लिहिलेले नसते. ज्या महिन्यात आपण सर्वांत जास्त दिवस बाहेर असतो तोच हा महिना! म्हणून केवळ या डोळ्यावर विसंबू नये. दाराचा खटका त्याच्या जोडीला हवाच. शिवाय पाली. आपल्या भागात पाल नाही असे घर नाही, आणि पाल या डोळ्यावरून नेमकी फिरायला जाते. तिच्यासाठी घंटा वाजविणारे यंत्र शेजाऱ्यांना दोनदा उठवील. तिसऱ्यांदा खरा चोर आला तरी कोणी उठणार नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट तिसरीच्या मुलालाही ठाऊक असते.

कोणत्या दारांवर काय बसवावे, हे ठरविताना शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलकाचे स्मरण ठेवावे. हा विद्वान चोर चारुदत्ताच्या दाराकडे फिरकतसुद्धा नाही. भिंतीचा पाण्याने पोचट झालेला भाग शोधतो, आणि मोजपट्टी विसरली म्हणून गळ्यातील जानव्याने भोकाचे माप घेतो. आपण मात्र पुढच्या दाराला दोन कुलपे, तीन कड्या आणि घंटा लावतो आणि न्हाणीघराच्या काचपट्ट्यांची खिडकी उघडी टाकून गाडी पकडतो. एका संध्याकाळी घराला बाहेरून प्रदक्षिणा घालावी आणि किल्ली हरवली तर आपणच कोठून आत शिरलो असतो ते पाहावे. गच्चीचे दार, मागल्या अंगणातील दार, जिन्याकडची खिडकी. जेथे शिरलो असतो तेथे पहिला खटका.

तारेची घ्यावी की बिनतारी? नवे घर बांधीत असाल तर तारेची, कारण भिंतीत नळी टाकणे तेव्हा सोपे असते. भाड्याच्या घरात बिनतारीच बरी. घर बदलताना ती बरोबर नेता येते. मात्र काँक्रीटच्या दोन-तीन भिंतींपलीकडे तिचा संदेश क्षीण होतो, तेव्हा भिंतीला भोके पाडण्यापूर्वी खटका हातात धरून घरभर फिरून पाहावे. स्वस्त यंत्रांत रिमोटचा संकेत कायम तोच असतो. तो पकडून पुन्हा सोडला की यंत्र फसते. दर वेळी बदलणारा संकेत वापरते का, हे विचारून घ्यावे. प्रत्येक खटक्यात निराळा सेल असतो, तो संपत आल्याची सूचना यंत्र देते की नाही हेही पाहावे.

विजेचे काय? पावसाळ्यात आमच्याकडे झाडे तारांवर पडतात, आणि चोराला मुख्य बटण खाली पाडता येते. यंत्राला स्वतःची बॅटरी हवी. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी नेहमीची. यंत्र व खटके मिळून ०.१ अँपिअर प्रवाह घेत असतील तर कागदावर ती ७० तास पुरते. परंतु बॅटरी जुनी होते आणि पूर्ण रिकामी करणे तिला मानवत नाही, म्हणून निम्मेच धरावे. म्हणजे दीड दिवस. घरातील वायफायवर चालणाऱ्या यंत्राबाबत पुष्कळांची फसगत होते. वीज गेली की वायफायची पेटीच बंद पडते आणि भ्रमणध्वनीवर संदेश पाठविणारा कुणी उरत नाही. त्यापेक्षा सिमकार्डावर चालणारे यंत्र घ्यावे. त्यातही ते दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर चालणारे असेल तर केवळ चौथ्या-पाचव्या पिढीचे जाळे असलेल्या कंपनीचे सिम त्यात चालणार नाही. आणि त्या सिमचे पैसे वेळच्या वेळी भरावे लागतात. यंत्रातले सिम आठ महिन्यांपूर्वी बंद पडलेले आणि मालक निश्चिंत, असा प्रकार आम्ही एका घरी पाहिला आहे.

ज्या घरात कर्ता पुरुष तिसऱ्या पाळीला जातो आणि बाई मुलांसह एकटी असते, त्या घराचा विचार निराळा. तेथे घर बंद नसते, पण धास्ती असते. अशा घरासाठी ‘घरी’ आणि ‘बाहेर’ अशा दोन अवस्था असलेले यंत्र पाहिजे : रात्री दारे-खिडक्यांचे खटके जागे आणि आतला डोळा झोपलेला, म्हणजे मूल पाणी प्यायला उठले तर बोंब होणार नाही. उशाशी ठेवण्याचे धोक्याचे बटणही त्याबरोबर मिळते. आमच्या मते या भागात त्या एका बटणासाठी सबंध यंत्र घेण्यासारखे आहे.

कॅमेऱ्याविषयी पुष्कळ विचारतात. चोर गेल्यावर त्याचे चित्र पाहायला तो उपयोगी. रात्री अडीच वाजता तो कुणाला उठवीत नाही. लावायचा तर लावावा, पण कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्या दिवशी बदलावा.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गजांना किंवा कुंपणाच्या तारेला घरातली वीज जोडण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तेथेच मोडून काढावी. शेजारचे मूल चेंडू आणायला येते, आपलीच म्हातारी धुणे वाळत घालते. यात माणूस दगावला तर जोडणाऱ्याला तुरुंग आहे. तसेच खिडक्यांच्या पिंजऱ्यांपैकी एकाला आतून उघडणारे दार ठेवावे आणि त्याची किल्ली घरातल्या सर्वांना ठाऊक असावी. आग लागली तर बाहेर पडायचे असते.

सोने बंद घरात ठेवूच नये, हे त्या मे महिन्यानंतर निराळे सांगण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेत चोरी, दरोडा किंवा आग होऊन लॉकरमधील वस्तू गेली, तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँकेची जबाबदारी राहते. विम्याबाबतही समज चुकीचा असतो. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ठेवावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही योजना मुख्यतः आग, पूर, भूकंप यांची आहे. तिच्यात चोरी येते ती अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांतली. घरफोडीचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो.

आता पुन्हा त्या माणसाकडे. आपल्या हाताने बसविलेली घंटा पोलीस ठाण्याशी जोडलेली नसते. ११२ हा क्रमांक कुणीतरी माणसानेच फिरवावा लागतो. यंत्रात चार-सहा क्रमांक भरता येतात. बहुतेक लोक पहिला क्रमांक स्वतःचा घालतात आणि मग जळगावच्या ओसरीवर बसून रात्री अडीच वाजता हात चोळतात. पहिला क्रमांक समोरच्या दाराचा असावा, दुसरा खालच्या मजल्यावरचा, तिसरा इमारतीच्या रखवालदाराचा, आपला त्यानंतर. हे त्यांना विचारल्यावाचून करू नये हे उघड आहे. विचारायला जावे लागते, आणि तेथेच पुष्कळांचे पाऊल अडते. आम्ही त्या परिचितांना घेऊन समोरच्या घरी गेलो तेव्हा त्या ओडिया गृहिणीने प्रथम पाणी दिले आणि मग हिंदीत म्हणाल्या, ‘‘आवाज हमने सुना था. आपका नाम तक मालूम नहीं था, किसको बोलते?’’ चोरीनंतर त्या स्वतः चार दिवस नीट झोपल्या नव्हत्या. आता दोन्ही घरांत एकच प्रकारची घंटा आहे, एकीची किल्ली दुसरीकडे आहे, आणि गौरीच्या फराळाचे ताट समोर जाते.

शेजाऱ्याला घंटा बंद कशी करावी हे दाखवून ठेवावे, आणि चोराच्या अंगावर धावून जायचे नाही, दिवे लावायचे, माणसे गोळा करायची, ११२ फिरवायचा, एवढे स्पष्ट सांगावे. बाहेरगावी जाताना पोलीस ठाण्यात कळविण्याचा कंटाळा करू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, जिन्यात आधी सांगून, घंटा एकदा वाजवून पाहावी. आवाज ओळखीचा झाला म्हणजे त्याला कुणी मोटार समजणार नाही. आणि पावसाळा संपला की दसऱ्याच्या साफसफाईत प्रत्येक खटक्याचे झाकण उघडून पाहावे. आमच्या शाळेतील एका खटक्यात गेल्या वर्षी मुंग्यांनी अंड्यांसकट बिऱ्हाड केले होते.